समाप्ती राहिलेली पोथी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि मला शेवट नाही.

म्हणजे लिहिणाऱ्यानं तो लिहिलाच नाही, असं नव्हे. त्यानं लिहिला होता, चांगला घोळवून लिहिला होता, छापलाही होता. पण तो वाळवीनं खाल्ला. अर्धवट ऐकलेली चहाडी माणसाला रात्रभर कशी झोपू देत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. माझं तर सगळं आयुष्यच तसं. इतर पुस्तकं फळीवर एकमेकांना टेकून निवांत बसतात. मी मात्र सदा कान टवकारून असते. कोणी आलं का? कोणी उघडलं का? पुढं काय झालं, ते कोणाला ठाऊक आहे का?

माझं नाव ‘चिंताबंदी’. मला लिहिणारा गृहस्थ चंद्रपूरला लाकडाच्या आगारात कारकून होता. दिवसभर सागाच्या ओंडक्यांवरचे आकडे टिपायचे आणि संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी परीकथा लिहायची, असा त्याचा नाद. लग्न झालेल्या, कर भरणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसांनाच परीकथेची खरी गरज असते, असं तो म्हणायचा. लोक मान हलवायचे आणि विषय बदलायचे.

माझ्या पोटातली गोष्ट आधी सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढचा घोळ कळायचा नाही. निवांतपूर नावाचं एक राज्य असतं. तिथल्या राजाला झोप येत नाही. वैद्य होतात, हकीम होतात, शेवटी मंत्री सांगतो की महाराज, प्रजा फार चिंता करते, त्याचा गलका तुमच्या कानात जातो. झालं! राजा दवंडी पिटवतो की आजपासून राज्यात चिंताबंदी. वेशीवर नाके बसतात. चिंता हुंगणारी कुत्री येतात. कपाळाला आठी दिसली की शिपाई विचारतो, आत काय लपवलंय? सुरुवातीला मोठी मजा असते. नाल्यातून आंबील वाहते, धानाच्या लोंब्या आपल्या आपण सुपात येऊन पडतात, सासवा सुनांचे पाय चेपतात. मग हळूहळू लोकांना करमेनासं होतं. पदराखाली चिंता लपवून विकणाऱ्या बाया गल्लोगल्ली फिरू लागतात. दाढदुखीच्या चिंतेची पुडी स्वस्त, पावसाची मध्यम, आणि ‘पोर अजून घरी का आलं नाही’ ही पुडी सगळ्यांत महाग.

याच राज्यात बिजली नावाची एक कुंभारीण असते. तिचा भाऊ नदीपलीकडे गेलेला असतो आणि परतलेला नसतो. सगळ्यांनी आपापल्या चिंता नाक्यावर जमा केल्या, हिनं मात्र भावाची चिंता मडक्यात घालून वर मातीचं झाकण लिंपलं. ती जपण्यासाठी बिचारीनं काय काय केलं, ते सांगत बसले तर मलाच उघडावं लागेल.

छापखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगाला शाईचा काय घमघमाट होता! पण दुकानदाराला मला ठेवायचं कुठं तेच कळेना. राजा आहे, कुत्री आहेत, म्हणून त्यानं लहान मुलांच्या कप्प्यात ठेवलं. मुलं चार पानं चाळून म्हणाली, यात लढाईच नाही. मोठ्यांच्या कप्प्यात ठेवलं तर मोठी माणसं म्हणाली, आम्ही काय परीकथा वाचायच्या वयाचे आहोत? माझी गत ना घरची ना घाटची अशी झाली. शेवटी कारकुनानं आम्हा बहिणींना, म्हणजे छापलेल्या सगळ्या प्रतींना, लग्नाच्या आहेरात वाटून टाकलं. मी ब्रह्मपुरीच्या एका मास्तरांकडे गेले. ते मला वाचून मोठ्यानं हसायचे. तो माझा पहिला कौतुकाचा काळ. पण कौतुक ओसरलं, मी पेटीत गेले, पेटी ओल्या भिंतीला लागली, आणि वाळवी आली.

वाळवी मोठी वाचक असली पाहिजे, कारण ती नेमकी शेवटापासून सुरू झाली. आणि मित्रांनो, जे पान जातं, त्यावरचं सगळं आमच्या मनातूनही जातं. कितीही आठवलं तरी माझी आठवण एका वाक्यावर येऊन थांबते. बिजली पकडली गेली आहे, तिला राज्याच्या वेशीवर उभी केली आहे. दारावरचा शिपाई म्हणतो, “मडकं इथं ठेव आणि सुखानं आत राहा. नाहीतर मडकं घे आणि बाहेर जा. पण गेलीस की दार बंद, पुन्हा आत येणे नाही.” आणि मग: ‘बिजलीनं मडकं उचललं आणि’.

आणि? आणि काय? उचलून आपटलं? शिपायाच्या हातात दिलं? की दाराबाहेर गेली? मीच ती गोष्ट, आणि मलाच ठाऊक नाही. जीव नुसता तळमळतो.

मास्तरांनी मला बाबूभाईंच्या दुकानात टाकलं. बाबूभाई ब्रह्मपुरीचे जुने जिल्दसाज, पुस्तकं बांधून देणारे. शाळेची रजिस्टरं, कॉलेजच्या पोरांच्या वह्या, मशिदीतल्या किताबा, गावोगावच्या पोथ्या, सगळ्यांना ते एकाच मायेनं शिवायचे. त्यांची मुलगी साबिरा खळ शिजवायची. त्या दिवशी लाल कापडाचा तुकडा उरला होता, तो माझ्या नशिबी आला. नवी जिल्द चढली, कणा ताठ झाला, पण मास्तर मला न्यायला पुन्हा फिरकले नाहीत. मी फळीवर पडून राहिले. शेजारी तशाच लाल कापडाची, तेवढ्याच जाडीची एक पोथी येऊन बसली. वैनगंगेपलीकडच्या, झाडीत वसलेल्या एका गावाची. गावाचं नाव सांगत नाही. लोक मग तिथं चौकशा करायला जातात.

ती पोथी न्यायला त्या गावचा वारलूभाऊ आला. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता.

“दोन मिनट रुका ना जी, वारलूभाऊ,” बाबूभाई हात धूत म्हणाले, “कागदात बांधून देतो.”

“टाइम नाई बाबूभाई, जीप सुटून राह्यली!” म्हणत वारलूभाऊनं फळीवरचं लाल दिसलं ते काखेत मारलं. ती मी होते. वारलूभाऊला वाचता येत नाही आणि मला ओरडता येत नाही. दोघं मिळून गावाला निघालो.

त्या गावात धानाची रोवणी आटोपली की श्रावणात दुपारची पोथी लागते. समाजमंदिरात पाट मांडतात, एक जण वाचतो आणि सुकलूभाऊ अर्थ सांगतात. या वर्षी वाचायला वारलूभाऊची मुलगी चंचल बसली होती. बारावी झालेली, वीस वर्षांची, पायाला भिंगरी. मला पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, संकल्प सोडला, नारळ फोडला. सगळं गाव हात जोडून बसलं. चंचलनं मला उघडलं.

तिचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. आधी डोळे मोठे झाले. मग ओठ दाबले गेले. मग नाकपुड्या फुलल्या. तिनं बापाकडे पाहिलं, तो डोळे मिटून बसला होता. तिनं घसा साफ केला आणि सुरुवात केली, “निवांतपूर नगरीत एक राजा राज्य करीत होता.”

“राजा म्हणजे आपला जीव,” सुकलूभाऊंनी लगेच अर्थ लावला. “त्याले झोप नाई, म्हणजे मायेनं घेरलं आहे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. चिंता हुंगणारी कुत्री आली तिथं मात्र गाडी अडली. सुकलूभाऊंनी छताकडे पाहिलं, कान खाजवला आणि म्हणाले, “कुत्रे म्हणजे... आता कुत्रेच.”

दुसऱ्या दिवशी बिंग फुटलं. पदराखाली पुड्या विकणाऱ्या बाया आल्या तेव्हा म्हाताऱ्या रुखमाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि पोथीत एवढं हसू कुठून आलं, याची सुकलूभाऊंना शंका आली. चंचलनं खरं सांगून टाकलं. वारलूभाऊची मान खाली गेली. बाबूभाईंना फोन लागला. ते म्हणाले, “तुमची पोथी इथी सुखरूप आहे, कवाही या.”

तुम्हाला वाटेल, मला तिथंच बंद केलं असेल. छे! सुकलूभाऊंनीच निकाल दिला, “संकल्प सोडला, नारळ फुटला. बसवलेली पोथी अर्ध्यात उठवता येत नाई. जे बसली तिची समाप्ती करा लागन.” शास्त्र तसं होतं हे खरं. पण कुत्री त्या बायांना पकडतात का, हे सुकलूभाऊंनाही जाणून घ्यायचं होतं, हेही तितकंच खरं.

आणि अशी मी पोथी झाले! रोज ताजी फुलं, रोज उदबत्ती. ज्यांना परीकथेचं वय राहिलं नव्हतं अशी सगळी माणसं माझ्यापुढं मांडी घालून बसायची. पाऊस पत्र्यावर जोरात आला की चंचल थांबायची, आणि लोक पावसावर चिडायचे. धानाच्या गावात श्रावणातल्या पावसावर चिडणारी माणसं मी तेवढीच पाहिली. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे नाक्यावरच्या झडतीचे अध्याय लोकांना फारच उमजले. कोण कुठं हसलं ते मी सांगणार नाही. मी पोथी आहे, मला गावात राहायचं होतं.

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस. पण त्याच दिवसांत एका जिवाची घालमेल सुरू झाली होती, आणि तो जीव रोज मला मांडीशी घेऊन बसत होता.

चंचलचा गडचिरोलीला नर्सिंगला नंबर लागला. सोमवारी दुपारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. घरात आनंद झाला. पण पोथीची एक रीत आहे. वाचायला बसलेल्या माणसानं समाप्ती होईपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर गावाला बाधते, असं मानतात. चंचल काही असल्या गोष्टींना घाबरणारी नव्हती. पण तिची आई आशाबाई घाबरायची, आणि आईला मागं घाबरत ठेवून जाणं पोरीला जमणारं नव्हतं. तिनं वाचण्याचा वेग वाढवला. लोक म्हणत, “तो भाग पुन्हा वाच ना वं.” ती पुन्हा वाचायची, आणि पाटाआड तिच्या पायाचा अंगठा सारखा हलत राहायचा.

शनिवारी ती शेवटच्या पानावर आली. ‘बिजलीनं मडकं उचललं आणि’ इथं थांबली. पान उलटलं. पुढं नुसता पुठ्ठा.

मित्रांनो, मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

पुन्हा बाबूभाईंना फोन. “बेटा, वाळवीनं खाल्लं होतं. तसंच आलं होतं माह्याकडे,” ते हळहळले. चंचलनं मोबाइलवर शोधलं. माझं नाव कुठंच नव्हतं. कारकून केव्हाच वारला होता.  शेवट नाही म्हणजे समाप्ती नाही. समाप्ती नाही म्हणजे चंचल शिवेच्या आत.

“एवढी झडती झाली, एवढे कुत्रे झाले,” रुखमाबाई म्हणाल्या, “आता शेवट आपणच करू ना जी. गावानं काय काय ठरवलं आजवर.”

आता या गावाची रीत सांगायला हवी. इथं कोणताही निर्णय हात मोजून होत नाही. बांबू कधी तोडायचा, तळ्यातली मासळी कधी काढायची, सगळं बसून ठरवायचं. एकानं जरी ‘मले पटत नाई’ म्हटलं, तरी काम तिथंच थांबतं. मग त्याला समजवायचं, नाहीतर सगळ्यांनी त्याचं समजून घ्यायचं. देवळाला कोणता रंग द्यायचा यावर म्हणे दोन उन्हाळे गेले होते. माझा शेवट त्याच रीतीनं ठरणार होता. 

सुकलूभाऊंनी बाजू मांडली, “पोथीची समाप्ती मंगल पाह्यजे. बिजलीनं मडकं उचललं अन् शिपायापुढं ठेवलं. चिंता गेली. ती आत राह्यली, सुखी झाली. जसं तिचं भलं झालं तसं सगळ्याईचं होवो. काय म्हणता?”

“हाव,” रुखमाबाई म्हणाल्या. “हाव,” वारलूभाऊ घाईनं म्हणाला, त्याचं अर्धं लक्ष सोमवारच्या जीपकडे. एकेक करत सगळे हाव म्हणाले. आशाबाईंनी खाली पाहत मान हलवली. राहिली फक्त चंचल. वाचणारीलाही मत असतं.

तिनं फक्त एक शब्द उच्चारायचा होता. नारळ फुटला असता, समाप्ती झाली असती, पोरगी मोकळी झाली असती. मी मनात म्हणत होते, म्हण गं बाई, माझं काय, मी जुनी झाले.

“मले पटत नाई,” चंचल म्हणाली.

“आता का झालं वं?” वारलूभाऊ जवळजवळ ओरडलाच. “हाव म्हणून टाक ना! तुह्याच कामाचं आहे.”

“मालूम आहे, बाबा. पण एवढे सारे अध्याय ते मडकं छातीशी धरून पळाली. अन् दारात आल्यावर ठेवून देईन? मंग तिच्या भावाले कोण आठवन? मी हे तोंडानं वाचू नाई शकत.”

“कागदावरची बाई आहे ते,” सुकलूभाऊ समजावणीच्या सुरात म्हणाले. “तुले तिचं काऊन एवढं?”

चंचलनं मला मिटून पाटावर ठेवलं. सभा उठली.

रविवारी दिवसभर ती शिवेपर्यंत जायची आणि परत यायची. मी समाजमंदिरातून तिला पाहत होते. दुपारी आत आली, मला उघडलं, शेवटचं पान पुन्हा वाचलं आणि मलाच म्हणाली, “तू तरी सांग ना.” काय सांगू? मी सगळी अक्षरं गोळा केली, पोट चाचपलं, पण माझ्यात त्या ‘आणि’च्या पुढं काही नव्हतं. ज्यांना आपण आवडतो त्यांच्या ऐन वेळी आपण उपयोगी पडू नये, याच्याइतकं दुःख नाही.

मागून आशाबाई आल्या. रोवणीच्या चिखलानं पायांना भेगा पडलेल्या, पदर ओला. त्या पोरीजवळ बसल्या आणि बराच वेळ माझ्यावरचं कुंकू बोटानं सारखं करत राहिल्या.

“काल मी मान हलवली,” त्या म्हणाल्या. “काऊन हलवली, मालूम आहे?”

“मी जावं म्हणून.”

“हाव. बिजली राह्यली तर तू जातेस. म्हणून मी तिले ठेवून घेतलं. माह्यासाठी काय, कागदाचीच होती.” त्यांनी ओला पदर पिळला. “पण रात्री डोळ्याले डोळा नाई लागला. भावाची चिंता दारात ठेवली अन् ती सुखी झाली, असं तुह्याच तोंडून ऐकू, अन् मंग तुले जीपमंदी बसवू? तू गेल्यावर मी इथी काय करू? मीबी मडकं दारात ठेवू का?”

“आई...”

“मले जमणार नाई. सांगून ठेवतो.”

चंचलनं आईच्या मांडीत डोकं घातलं. मित्रांनो, मी पाटावरच होते, हातभर अंतरावर. माझ्यात निवांतपूरचा सुखाचा अख्खा अध्याय आहे, आंबिलीचा नाला आहे, पाय चेपणाऱ्या सासवा आहेत. त्या दोघींच्या पुढं ते सगळं मला फिकं वाटलं.

संध्याकाळी आशाबाईंनीच गाव बोलावलं. उभ्या राहून म्हणाल्या, “माहं कालचं हाव मी वापस घेतलं.” नारळ फुटेपर्यंत तसं करता येतं. सुकलूभाऊंच्या कपाळाला आठी पडली. निवांतपूर असतं तर कुत्री धावली असती.

“मंग तिचं काय होते म्हणता, बाई?”

“ती मडकं घेऊन बाहेर जाते. भावाच्या मागं.”

“अन् दार बंद होते. हे मंगल झालं का?”

“नाई. तेच तर मले पटत नाई,” आशाबाई म्हणाल्या. “दार उघडं ठेवा. तिले कवाही येता आलं पाह्यजे. तेवढं करा, मी हाव म्हणतो.”

“शिपाई दार उघडं ठेवन तर चिंताबंदी कुठी राह्यली? सारं राज्यच मोडते,” सुकलूभाऊ म्हणाले, आणि खरं सांगते, कादंबरी म्हणून मला त्यांचं म्हणणं पटत होतं.

तेव्हा रुखमाबाई खो खो हसू लागल्या. “कोणती बंदी पूर्ण लागली जी आजवर? तो शिपाई का आभाळातून पडला? त्याले घर असन, पोरगं असन. पोरगं शिकाले गेलं असन कुठी. बिजलीचं मडकं पाहून त्याच्या छातीत कालवलं नसन? तो म्हणन, जाय बाई लौकर, मी कडी लावाचं इसरतो.”

 तिथं बसलेल्यांत अशी किती घरं होती, ज्यांचं कोणी ना कोणी मिरची तोडायला तेलंगणात, नाहीतर कामाला नागपुरात गेलेलं होतं! मग “हाव” सुरू झाले. काही मोठ्यानं, काही नाकात बोलल्यासारखे. वारलूभाऊचा हाव तर ऐकूच आला नाही, त्यानं नुसतं उपरणं तोंडाला लावलं. सगळ्यांत शेवटी सुकलूभाऊ राहिले. त्यांनी छताकडे पाहिलं, कान खाजवला.

“हाव,” ते म्हणाले. “पण मडकं सांभाळून ने म्हणा तिले. रस्त्यानं चिखल आहे.”

चंचलनं मला मिटून मांडीवर ठेवलं आणि पुस्तकाशिवाय, तोंडानं, शेवट वाचला. “बिजलीनं मडकं उचललं आणि ती दाराबाहेर गेली. शिपाई कडी लावायला विसरला.” नारळ फुटला, गूळ-चणे वाटले. सोमवारी सकाळी पहिल्या जीपमध्ये चंचल बसली. आशाबाई रडल्या नाहीत. जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावर रडल्या.

मूळ पोथी गावात परत आली आणि तिनं आपला पाट घेतला. बाबूभाईंनी मला मागितलं नाही. मी आशाबाईंच्या घरी फळीवर असते. त्या उन्हाळ्यात मला ऊन दाखवतात, पानांत कडुलिंबाचा पाला घालतात. मी सुखात आहे, पण स्वस्थ नाही. मला जो शेवट मिळाला तो छान आहे, तरी आतून टोचत राहतं की मुळात काय होतं? आणि दर दोन दिवसांनी गडचिरोलीहून फोन येतो. परवा चंचल म्हणाली, “आई, माही चिंता करत नको बसू.”

“करीन,” आशाबाई म्हणाल्या. “तू तुहं काम कर. माहं मले करू दे.”

मित्रांनो, माझ्या बहिणी अजून कुठं कुठं असतील. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटीत, रद्दीत. एखादीचं शेवटचं पान शाबूत असेल. सापडली तर तिला ओल्या भिंतीपासून दूर ठेवा, झटका, उघडा, आणि मोठ्यानं, चार माणसांत, शेवटपर्यंत वाचा. पण मला सांगायला इकडे येऊ नका. मला कितीही वाटलं तरी येऊ नका. तो कारकून सरळ माणूस होता. त्यानं दार बंदच केलं असेल. आणि आशाबाईंची पोर अजून परत यायची आहे.